काढून ठेव

सोसायटीच्या ग्रुपवर परचुऱ्यांचा मेसेज पडला तेव्हा रामदास ओव्हाळ मांजरी गावात बहिणीच्या नव्या फ्लॅटच्या गच्चीत उभा होता आणि खालच्या उसावर पडलेलं ऊन डोळे बारीक करून बघत होता. कॅमेरा मुद्दाम घरी ठेवलेला होता. बहिणीनं आधीच बजावलं होतं की घर बघायला ये, ऊस बघायला नको. म्हणून तो नुसताच अंदाज घेत होता, की हे ऊन जरा तिरकं झालं तर पात्यांच्या कडा कशा उजळतील. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला.

‘ए विंगमधील एका ज्येष्ठ सभासदांना अलीकडे निसर्गाची फारच ओढ लागलेली आहे. त्यांच्या कॅमेऱ्याच्या नळकांड्याची दिशा पाहता हा निसर्ग बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो असे दिसते. याबाबतचा खुलासा रविवारच्या सभेत व्हावा. – सचिव.’

आमोद परचुरे बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांची सगळी लेखनकला सोसायटीच्या नोटिसांवर खर्च होत होती. नाव न घेता माणूस कसा सोलावा हे त्यांना छान जमायचं. नाव घ्यायची गरजही नव्हती. विश्रांतवाडीच्या त्या सोसायटीत एवढी लांब लेन्स लावून गॅलरीत बसणारा ज्येष्ठ सभासद एकच होता. मेसेजखाली एकेक अंगठा उगवायला लागला. ज्यांच्या मुलीच्या साखरपुड्याचे फोटो रामदासनं हौसेनं काढून दिले होते, त्यांचाही त्यात होता.

रामदासची कानशिलं तापली. बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर, त्याच्या गॅलरीच्या अगदी समोर, अपूर्वा राहायची. नवं लग्न झालेली मुलगी, घरूनच कंपनीचं काम करायची. तिच्या आणि त्याच्या गॅलरीच्या मधोमध एक शेवगा होता. त्या शेवग्याच्या वाळक्या फांदीला भोक पाडून तांबट पक्ष्यांच्या जोडीनं घरटं केलं होतं. गेला महिनाभर त्याची लेन्स त्या भोकावर होती. पण लेन्स शेवग्यावर आहे की शेवग्यापलीकडे, हे समोरून बघणाऱ्याला कसं कळणार? हा विचार इतक्या दिवसांत आपल्याला एकदाही शिवला नाही, याची त्याला आता लाज वाटली.

फोटो दाखवले की विषय मिटेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. पण फोटो अजून कॅमेऱ्याच्या कार्डातच होते. दोन ठिकाणी ठेवल्याशिवाय फोटो आपला धरायचा नाही, हा हौशी लोकांचा पहिला नियम. तो त्यानं याच वेळी आळसानं मोडला होता. परचुरे घरी येऊन कॅमेरा मागतील, कोणी काहीतरी बटण दाबेल, असलं काय काय त्याच्या मनात आलं आणि त्यानं घाईघाईनं बायकोला फोन लावला.

‘शैला, कॅमेऱ्यातलं कार्ड लॅपटॉपला लाव आणि त्यातले फोटो काढून ठेव.’

नेमकी त्याच वेळी खालच्या रुळांवरून मालगाडी भोंगा वाजवत निघाली. शैलानं काहीतरी विचारलंसं वाटलं, मग ‘बरं’ असं ऐकू आलं आणि फोन कट झाला. बहीण चहा घेऊन आली. त्यानं तो उभ्याउभ्याच संपवला आणि निघाला. जिन्यात ती म्हणाली, ‘दादा, बरा आहेस ना?’ त्यानं मान हलवली.

रामदासनं सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून केली. खडकवासल्याच्या कालव्याचे नकाशे, धरणाच्या भिंतीचे आडवे छेद, हे त्याचं जग. साहेब बदलले, कागदाच्या जागी कॉम्प्युटर आला, पण रेघ जिथे आहे तिथेच मारायची ही खोड गेली नाही. निवृत्तीनंतर हात रिकामे झाले तेव्हा मुलीनं बंगळुरूला जाताना आपला जुना कॅमेरा त्याच्या हातात दिला. बाबा, डोंगर-बिंगर काढू नका, आधी घरातलं काढा, असं सांगून गेली.

त्यानं ते अक्षरशः घेतलं. पहिले कित्येक महिने त्यानं स्वयंपाकघरातला एक स्टीलचा पेला काढला. सकाळच्या उजेडात, दुपारच्या, पडदा ओढून, पेल्यामागे पांढरा कागद धरून. आमच्याकडे पेल्याला स्थळं बघताहेत, असं शैला शेजारणींना सांगायची. मग वाळत घातलेल्या कपड्यांच्या सावल्या झाल्या, जिन्याचा कठडा झाला, मिठाच्या बरणीवरचा थेंब झाला. फार पुढे त्यानं कोणा हौशी माणसाची वापरलेली तीनशे मिलिमीटरची लेन्स घेतली. लांबचं जवळ आणणारी, जड, जुन्या टॉर्चसारखी दिसणारी. आणि एका वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून गॅलरीच्या दारामागे चिकटवलं: एक फांदी. एवढाच त्याचा प्रकल्प. दुसरीकडे कुठे जायचं नाही, त्या एका फांदीवर जे घडेल ते काढायचं.

त्या लेन्सची एक गंमत त्याला फार आवडायची. फांदीवर नेमका फोकस धरला की मागचं सगळं विरघळून जायचं. बी विंगचा गुलाबी रंग, गॅलऱ्या, कुंड्या, सगळ्याचा धुरकट लगदा. तरी त्यानं स्वतःला एक नियम घालून घेतला होता. समोर अपूर्वा गॅलरीत आली की कॅमेऱ्यावरचा हात बाजूला घ्यायचा, चहाचा कप उचलायचा आणि ती आत गेल्यावरच पुन्हा बटणाला बोट लावायचं. हा नियम त्यानं कोणाला सांगितला नव्हता. असल्या गोष्टी सांगायच्या असतात हेच त्याला ठाऊक नव्हतं.

घरी आला तेव्हा शैला धुतलेल्या कोथिंबिरीची पानं खुडत बसली होती. शैला महापालिकेच्या शाळेत मराठीची शिक्षिका होती. निवृत्त झाली तरी मास्तरकी सुटली नव्हती. रविवारी विहारात मुलांना शिकवायची आणि बाकीचे दिवस उरलेल्या जगाला. सोसायटीच्या फळ्यावरचा चुकीचा वेलांटी-उकार तिनं परचुऱ्यांच्या देखत पुसून बरोबर केला होता. भाजीवाला ‘ताई, देऊ का?’ म्हणाला तर ‘काय देऊ, ते आधी पूर्ण बोल’ म्हणायची. परचुरे तिला वचकून असत.

‘काढले का?’ रामदासनं चप्पल काढता काढताच विचारलं.

‘काढले.’

त्यानं लॅपटॉप उघडला. फोटोंच्या फोल्डरमध्ये जुना पेला होता, सावल्या होत्या, फांदीचं काहीच नव्हतं. त्यानं इकडे शोधलं, तिकडे शोधलं. मग कार्ड कॅमेऱ्यात घालून बघितलं. पडद्यावर ‘एकही फोटो नाही’ अशा अर्थाची ओळ आली.

‘शैला, काढले म्हणजे कुठे काढले?’

‘काढून टाकले. तुम्हीच म्हणालात ना?’ ती कोथिंबिरीकडे बघत म्हणाली. ‘काढून, एवढं ऐकलं. पुढे गाडीच वाजली.’

रामदास खुर्चीत बसला. मराठीत काढणं हे मोठं बेरकी क्रियापद आहे. माणूस फोटो काढतो, दात काढतो, दिवस काढतो आणि भाडेकरूही काढतो. काय ठेवलं आणि काय घालवलं ते पुढच्या शब्दावर ठरतं, आणि इथे पुढचा शब्द मालगाडीनं नेला होता. चिडायचं तरी कोणावर? शैलावर चिडावं तर तिनं सांगितल्याप्रमाणे केलं होतं. मेसेज तिनंही वाचला असणार, नवऱ्याला अडचणीतून सोडवावं असंच तिला वाटलं असणार. आपणच नीट बोललो नाही, असं ठरवून त्यानं तो राग गिळून टाकला.

तो गॅलरीत गेला. समोरच्या तिसऱ्या मजल्यावर, भर उन्हाळ्यात, गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक जाड तपकिरी चादर बांधलेली होती. वारं नव्हतं. चादर नुसती लोंबत होती. अख्ख्या सोसायटीला जाता-येता दिसेल अशी ती चादर होती आणि ती त्याच्यामुळे होती. शेवग्यावर तांबट टुकटुक करत होता. रामदास पाठ फिरवून आत आला आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी बेल वाजली. दारात परचुरे.

‘आहात का घरी, ओव्हाळ? की जंगलात?’

‘या ना.’

‘नाही, बसत नाही. म्हटलं सभेआधी तो पक्षी एकदा बघून घ्यावा. आम्हाला आपली चिमणी आणि कावळा एवढंच कळतं.’

‘फोटो गेलेत. चुकून काढून टाकले गेले.’

‘चुकून.’ परचुऱ्यांनी शब्द चाखून बघितला. ‘होतं असं. आमच्या बँकेतही ऑडिटच्या आदल्या दिवशी नेमके कागद गहाळ व्हायचे. चुकूनच व्हायचे. येतो मी. रविवारी भेटू.’

दार लागलं. रामदास तिथेच उभा राहिला. फोटो होते तोवर त्याच्यावर नुसता संशय होता. फोटो नाहीत म्हटल्यावर आता त्या संशयाला पुरावा मिळाला होता. आणि संशय कसला, तर या वयात परक्या मुलीकडे चोरून बघण्याचा. सोसायटीत ओव्हाळ आडनावाचं दार एकच होतं. इथे राहायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात कोणीतरी ‘तुमच्याकडे गणपती नसतो का?’ असं फार गोड आवाजात विचारलं होतं. तेव्हापासून शैलानं घर असं ठेवलं होतं की बोट दाखवायला कोणाला निमित्तच मिळू नये. देखभालीचा हिशेब सगळ्यांच्या आधी चुकता, जिना सगळ्यांपेक्षा स्वच्छ, रेडिओ सगळ्यांपेक्षा हळू. एवढ्या वर्षांचं ते सगळं आता एका नळकांड्यात अडकलं होतं.

शनिवारी सकाळी दूध आणायला गेला तर जिन्यात बोलणाऱ्या दोघी गप्प झाल्या. तो पुढे गेल्यावर पुन्हा बोलायला लागल्या. परत येऊन त्यानं दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली आणि सवयीनं कॅमेरा हातात घेतला. कार्ड चालतंय का बघावं म्हणून एक फोटो काढायला बोट बटणावर गेलं आणि तिथेच थबकलं. त्याला फोटोवाल्यांच्या गटातलं कोणाचं तरी बोलणं आठवलं. फोटो पुसले म्हणजे लगेच जात नाहीत. कॅमेरा फक्त ती जागा मोकळी झाली असं मानतो. नवा फोटो त्या जागेवर बसला की मग जुना कायमचा गेला. म्हणून फोटो गेले की कार्डाला हात लावायचा नाही.

त्यानं बटणावरचं बोट इतकं हळू उचललं, की शैलानं विचारलं, ‘काय झालं?’

‘परत येतील कदाचित.’

त्यानं कार्ड अलगद बाहेर काढलं. गेलेले फोटो शोधणारी एक प्रणाली त्यानं लॅपटॉपवर उतरवून घेतली, सूचना दोनदा वाचल्या, कार्ड लावलं. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या गतीनं सरकायला लागली. दुपारचं जेवण त्यानं पट्टीकडे बघतच उरकलं. शैला मागे येऊन उभी राहिली.

‘सगळेच येतात का परत?’

‘नशीब असेल तर सगळे.’

‘सगळे नाही आले तरी चालेल हो,’ ती म्हणाली. ‘दोन-चार आले तरी पुरे.’

ती धीर देते आहे असं त्याला वाटलं आणि बरं वाटलं.

पट्टी टोकाला पोचली आणि फोटो उगवायला लागले. फांदी. फांदी. फांदीवरचं भोक. भोकातून बाहेर आलेलं लाल कपाळ, पिवळा गळा. उंबराचं फळ चोचीत धरून आलेला नर, की मादी, दोघं दिसायला सारखेच. मागे फिकट गुलाबी धूर आणि त्यात एक रिकामी गॅलरी. प्रत्येक फोटोत रिकामी. रामदासला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. परचुऱ्यांना आता घरी बोलावून चहा पाजावा असं त्याला वाटलं.

आणि मग तो आला.

गेल्या मंगळवारचा. आई फळ घेऊन भोकाशी टेकली होती आणि पिल्लानं पहिल्यांदाच डोकं बाहेर काढलं होतं. फळ दोघांच्या चोचींच्या मधे. इतका स्वच्छ, की पिल्लाच्या चोचीजवळच्या राठ केसांवर चमकणारं ऊनही दिसत होतं. असा फोटो त्याला आजवर जमला नव्हता आणि पुढे जमेल असं वाटत नव्हतं. पण मागच्या गुलाबी धुरात एक हळदी रंगाची आकृती होती. तोंड दिसत नव्हतं, नाकडोळे नव्हते, पण ओले केस एका खांद्यावरून पुढे घेऊन पुसणारी बाई आहे एवढं कोणालाही कळलं असतं. आणि तो हळदी गाऊन अख्ख्या सोसायटीनं दोरीवर वाळताना बघितला होता.

रामदासला ती सकाळ आठवली. अपूर्वा बाहेर आली होती, त्यानं नियमाप्रमाणे हात बाजूला घेतला होता, आणि पिल्लानं डोकं काढलं. हात आपोआप परत गेला. त्या क्षणी त्याला पिल्लाशिवाय काही दिसलं नव्हतं.

‘तो नका दाखवू,’ मागून शैला म्हणाली. ‘बाकीचे दाखवा. पुष्कळ आहेत.’

बोलणं शहाणपणाचं होतं. तो एक फोटो वगळला की गोष्ट अगदी सरळ होत होती. पण आयुष्यभर रेघ जिथे आहे तिथेच मारलेल्या माणसाला ते घशाखाली उतरेना. वगळला आणि कोणाला कळलं नाही, तरी ज्या मुलीनं गॅलरीला चादर बांधली ती खरंच एकदा फोटोत होती, हे त्याला माहीत असणारच होतं.

‘तिला आधी दाखवावं लागेल,’ तो म्हणाला. ‘तू येतेस का माझ्याबरोबर? एकट्यानं तिच्या दारात जाणं बरं दिसणार नाही.’

‘मला नाही जमणार,’ शैला म्हणाली आणि आत गेली. रामदासला ते लागलं, पण बाईमाणसाला अवघड वाटत असेल म्हणून त्यानं सोडून दिलं.

रविवारी सभा पार्किंगमध्ये होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, मधे एक टेबल, टेबलावर पाण्याचा जग. अपूर्वा नवऱ्याच्या शेजारी हाताची घडी घालून बसली होती. शैला आली, पण बायकांच्या मागच्या रांगेत बसली. परचुऱ्यांनी घसा साफ केला. ‘विषय पहिला. निसर्ग.’ कोणीतरी हसलं.

रामदास लॅपटॉप घेऊन उभा राहिला. बोलायचं सगळं पाठ करून आला होता आणि आता त्यातलं एक वाक्य आठवत नव्हतं.

‘फोटो परत मिळालेत,’ तो म्हणाला. ‘पण ते सगळ्यांच्या आधी अपूर्वांनी बघावेत. एकटीनं. मग त्या म्हणतील तसं.’

‘म्हणजे खासगी प्रदर्शन,’ परचुरे म्हणाले. या वेळी कोणी हसलं नाही.

त्यानं लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकला. तिचा नवरा वाकून बघायला लागला. तिनं बोटानं एकेक फोटो पुढे सरकवला. पार्किंगमध्ये पंखा नव्हता. कोणी खोकलं, कोणी खुर्ची सरकवली. रामदास तिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होता आणि टाळणंही वाईट दिसेल म्हणून टेबलावरच्या जगातल्या पाण्याकडे बघत होता. तिचं बोट थांबलं. तो फोटो आला हे त्याला न बघताच कळलं.

‘काका, ह्यात मी आहे.’

‘हो.’

‘हा तुम्ही आधीच डिलीट करू शकला असता.’

‘तुम्हाला न दाखवता टाकायचा नव्हता.’

तिनं पुन्हा मागे जाऊन आधीचे फोटो बघितले. ‘बाकी सगळ्यांत माझी गॅलरी एम्प्टी कशी? मी तर दिवसातून दहा वेळा बाहेर येते.’

‘तुम्ही आत जाईपर्यंत मी थांबायचो.’

‘आणि ह्या वेळी?’

‘ह्या वेळी पिल्लू थांबलं नाही,’ रामदास म्हणाला.

नवरा तिच्या कानाशी काहीतरी बोलला. तिनं मान हलवली.

‘फोटो भारी आहे, काका. खरंच. पण मला तो नकोय. प्लीज डिलीट करा.’ मग म्हणाली, ‘आणि आम्हाला समोरून फक्त लेन्स दिसते, पक्षी दिसत नाही. एकदा येऊन सांगितलं असतं तर मी एवढी घाबरले नसते. महिनाभर मी टेन्शनमध्ये होते.’

‘चुकलं माझं,’ रामदास म्हणाला. ते खरंच होतं आणि म्हणताना त्याला हलकं वाटलं. त्यानं सगळ्यांसमोर लॅपटॉप टेबलावर ठेवला, तो फोटो निवडला आणि पुसला. लॅपटॉपवरून पुसला, कार्डावरून कायमचा जावा म्हणून कार्डाच्या मोकळ्या जागेवर पेल्याचे जुने फोटो भरले. आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो जायला तेवढाच वेळ लागला.

परचुऱ्यांनी चष्मा खाली केला. माणूस खवचट असला तरी हिशेबाला चोख होता. ‘सभेचं समाधान झालेलं आहे. सचिवांनी नळकांडं हा शब्द मागे घेतलेला आहे. लिहून घेतो.’ आणि सवयीप्रमाणे मोठ्यानं बोलत लिहायला लागले, ‘ओव्हाळ यांनी सदर आक्षेपार्ह फोटो सर्वांसमक्ष काढला.’

‘परचुरे,’ मागच्या रांगेतून शैलाचा आवाज आला, वर्गातला, ‘काढून टाकला, असं लिहा. नुसतं काढला म्हटलं तर त्यांनी तो सभेतच घेतला असा अर्थ होतो. काढून म्हटलं की पुढे ठेवला की टाकला ते आलंच पाहिजे, त्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. आणि आक्षेपार्ह कशाला? एक फोटो, एवढं पुरे.’

सगळे हसले. अपूर्वाही हसली. परचुऱ्यांनी निमूटपणे खोडून दुरुस्त केलं आणि पाण्याच्या टाकीचा विषय घेतला.

रामदास हसला नाही. तो लॅपटॉपची वायर गुंडाळत होता, ती त्यानं उलगडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली. भाजीवाल्याचं अर्धं वाक्य जी चालवून घेत नाही, तिनं नवऱ्याचं अर्धं वाक्य चालवून घेतलं? पुन्हा फोन लावून, ‘काढून काय, ते पूर्ण बोला,’ असं विचारलं नाही? आणि काल पट्टी सरकत असताना, सगळेच येतात का, असं का विचारलं होतं? लोक येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवत होते, जयभीम ओव्हाळ साहेब, मनावर घेऊ नका, म्हणत होते. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं.

घरी शैला तांदूळ धूत होती. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

‘शैला, मालगाडी फार मोठ्यानं वाजली का गं तेव्हा?’

तिचा हात पाण्यात थांबला. नळ चालूच होता. तिनं तो बंद केला.

‘ठेव, हे ऐकू आलं होतं मला,’ ती म्हणाली.

ती वळली नाही.

‘कॉपी करायलाच बसले होते. म्हटलं, बघू तरी महिनाभर काय काढलंय. आणि तो आला.’

‘पुढे पिल्लू होतं, शैला.’

‘मला आधी तीच दिसली.’

‘लोकांना भ्यालीस?’

‘भ्यालेच. आपल्या घरावर असलं काही आलं तर ते कधी धुतलं जात नाही, तुम्हाला माहितीये.’ मग तिनं ओले हात पदराला पुसले आणि त्याच्याकडे बघितलं. ती खोटं बोलायला शिकलेली बाई नव्हती. एकदा बोलली होती, तेही मालगाडीच्या आडोशानं. ‘पण त्याच्या आधी एक क्षण वाटलं, की खरंच असेल का.’

परचुऱ्यांच्या मेसेजनं रामदासची नुसती कानशिलं तापली होती. हे कुठेतरी आत, फार खाली जाऊन बसलं. सगळ्या सोसायटीनं वाईट धरलं असतं तरी या एका घरात आपण कोण आहोत हे ठरलेलं आहे, असं तो समजून चालला होता.

‘विचारायचंस मला.’

‘विचारलं असतं आणि तुम्ही हो म्हणाला असतात तर?’ शैलाच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘म्हणून नाही विचारलं. फोटोच नाही तर प्रश्नच नाही, असं वाटलं.’

दुपारी दोघं जेवले. मीठ दे, ताक आहे का, एवढंच बोलणं झालं. तो दुखावला होता आणि ते एका दिवसात जाणारं नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं.

सोमवारी सकाळी शेवग्यावर टुकटुक सुरू झाली तरी रामदास पलंगावरून उठला नाही. कॅमेरा पिशवीत होता. त्याला गॅलरीचं दार उघडल्याचा आवाज आला, मग खुर्ची ओढल्याचा, मग आणखी एक खुर्ची. मग पिशवीची चेन.

तो उठून गॅलरीच्या दाराशी आला. शैलानं कॅमेरा ट्रायपॉडवर कसाबसा बसवला होता आणि डोळा लावून वाकली होती. हे तिनं आजवर कधीच केलं नव्हतं. समोरची चादर सुटून एका बाजूला गोळा झाली होती.

‘दिसतंय का भोक?’ त्यानं विचारलं.

‘दिसतंय. आणि मागे ती पण दिसते. बाहेर आलीय, कुंडीला पाणी घालतेय.’ ती डोळा न काढता बोलत होती. ‘अहो, पिल्लानं डोकं काढलंय. काढू का?’

‘थांब,’ रामदास म्हणाला.

ती थांबली. बोट बटणावर, श्वास धरून. समोर अपूर्वानं एका कुंडीला पाणी घातलं, मग दुसरीला. इकडे बघून तिनं हात केला. शैलानंही कॅमेऱ्यावरचा हात उचलून हात केला. पिल्लू डोकं आत घेऊन पुन्हा बाहेर आलं, आई फळ घेऊन आली, दिलं, उडून गेली. फार सुंदर काहीतरी डोळ्यांदेखत होऊन गेलं आणि शैला नुसती बघत राहिली. असं रोज त्याचं किती गेलं असेल, हे बहुतेक तिला तेव्हा कळलं, कारण तिनं एकदा मागे वळून त्याच्याकडे बघितलं.

अपूर्वा आत गेली.

‘गेली,’ शैला म्हणाली.

रामदास येऊन दुसऱ्या खुर्चीत बसला. ‘आता काढ,’ तो म्हणाला. आणि मग, मुद्दाम, एकेक शब्द सुटा करत, ‘काढून, ठेव.’

शैलानं मान खाली घातली, डोळा लावला आणि बटण दाबलं.